पाल म्हटलं की कोण येतं

मे महिन्यात अमरावतीत कूलर बंद ठेवून बसणारी बाई एक तर वेडी असली पाहिजे, नाही तर माझ्यासारखी. शेजारीण गच्चीवरून ओरडून विचारते, "काहून वं बाई, कूलर बिघडला का?" मी "हाव" म्हणून मोकळी होते. कूलर ठणठणीत आहे. पण त्याच्या वाळ्याच्या ताटीमागे एक पाल राहते. ताटी ओली, गार, चिलटं आपल्या पायानं चालत येणारी. पालीनं तिथं राहू नये तर कुठं राहावं? तिची काही चूक नाही. पण पाणी भरायचं तर बाजूची ताटी काढावी लागते, आणि त्या ताटीला काही मी हात लावत नाही. मग मानेवर ओला टॉवेल टाकायचा आणि पंख्याची भट्टीसारखी हवा खात बसायचं.

आमचे हे होते तोवर प्रश्न नव्हता. संध्याकाळी पाइप घेऊन तेच पाणी भरायचे. मी स्वयंपाकघरातून किंचाळले की चप्पल न घालता यायचे. "निघाली का तुही मैत्रीण?" म्हणायचे आणि झाडूनं तिला खिडकीबाहेर वाट दाखवायचे. ते गेल्याला दोन उन्हाळे झाले. आता मी किंचाळते आणि मग मीच ऐकत बसते.

यात लाजेची गोष्ट अशी की मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. बेडूक हातात धरून त्याचं हृदय मुलांना दाखवलं. गांडूळ, झुरळ, कशाचं काही वाटलं नाही. एकदा एका मुलीनं वर्गात विचारलं होतं, "मॅडम, भीती जन्मताच असते का शिकतो आपण?" मी फळ्याकडे तोंड करून छान उत्तर दिलं. काही भीती उपजत असते, मोठ्या आवाजाची, पडण्याची. बाकीची आपण घरात बघून उचलतो. उत्तर बरोबरच होतं. फक्त तेव्हा फळ्याच्या वर एक पाल बसली होती आणि मी तास संपेपर्यंत दारात उभी राहून शिकवलं, हे मुलांच्या लक्षात आलं नाही अशी आपली माझी समजूत.

यंदा मार्चमध्ये लेकीचा पुण्याहून फोन आला. तिला एकच मुलगी, चार वर्षांची. म्हणाली, "आई, मे महिन्यात येतो आम्ही दोघी. ऑफिसचं काम तिथूनच करीन. पण एक अट आहे."

"सांग बापा."

"तिच्यासमोर पाल बघून किंचाळायचं नाही. तू आजीकडून शिकलीस, मी तुझ्याकडून. मी कशी सोडवलीय स्वतःला ते माझं मला माहीत. माझ्या पोरीला हे नकोय. तसं झालं ना, तर पुढच्या सुट्टीपासून तूच इकडे येत जा."

मला राग आला. घर माझं, पाल माझी, भीती माझी, आणि अट हिची! पण फोनच्या काचेत नातीला पाहून पाहून माझं मन विटलं होतं. ती मांडीवर कशी लागते, तिच्या केसांना कसला वास येतो, यातलं मला काहीच धड ठाऊक नव्हतं. आणि पुण्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी गेले की एका खुर्चीत बसवून ठेवलेली पाहुणी असते. म्हणून म्हटलं, "बरं. नाही किंचाळणार." फोन ठेवला आणि विचारात पडले. हे आपल्याच्यानं कसं व्हावं?

लेक म्हणाली ते खरं होतं. मी आईकडूनच शिकले. अकोल्यात जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे आमचं घर होतं. पुढच्या ओसरीत आजोबांचं सरकी-ढेपेचं दुकान, मधे एक दार, आणि आत स्वयंपाकघर. बाबा दिवसभर आजोबांच्या शेजारी दुकानात. आई आणि काकू आत. मधल्या दाराच्या पुढं सुना दिवसा येत नसत. कधीतरी टळटळीत दुपारी आई ओरडायची, "अवं माय वं, पाल!" बाहेरून आजोबांचा वैतागलेला आवाज यायचा, "जाय रे, पाह्य काय म्हन्ते ते." मग बाबा झाडू घेऊन आत. कोपरे झाडायचे, फडताळामागं बघायचे, त्याला चांगला वेळ लागायचा. मी चुलीजवळ गुडघे छातीशी घेऊन बसलेली असायची आणि माझे दात वाजायचे. बाबा गेल्यावर आईचं तोंड लाल झालेलं असायचं. ती घटाघटा पाणी प्यायची. मला वाटायचं, एवढी मोठी बाई एवढी भ्याली, म्हणजे हा प्राणी किती भयंकर असेल!

एवढं सरळ असतं तर मी लेकीचं म्हणणं मुकाट मान्य केलं असतं. पण आमच्या ह्यांचं काय? हे दर्यापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. सोयाबीनच्या ढिगातून साप निघाला की काठीवर उचलून बांधापलीकडे टाकून यायचे आणि त्याच हातानं बिडी पेटवायचे. तो माणूस लिफ्टमध्ये पाय टाकत नसे. कितव्याही मजल्यावर जायचं असो, जिन्यानं. दर्यापुरात त्यांच्या लहानपणी लिफ्ट कुठं होती? त्यांना कोणी शिकवलं हे? शेवटी दवाखान्यात त्यांना स्ट्रेचरवर घालून लिफ्टनंच वर न्यावं लागलं. डोळे घट्ट मिटून त्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. मला त्या लिफ्टचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात काढून त्यांची भीती मला लागली नाही. मग आईचीच कशी लागली?

आणि आईचंही शेवटी एक कोडंच झालं होतं. बाबा गेल्यावर ती माझ्याकडं अमरावतीला आली. एकदा तिच्या बाजेच्या अगदी वर, ट्यूबलाइटपाशी, चांगली बोटभर पाल. मी दारातूनच किंचाळले, "आई, ऊठ! ऊठ तिथून!" तिनं वर पाहिलं आणि कूस बदलून म्हणाली, "राहू दे वं. तिचं ती खाऊन राहिली." मी दुसऱ्या दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू असेल म्हटलं, दिसली नसेल. डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानानं नजर उत्तम आहे. मग मी मनाशी धरून चालले की म्हातारपणी भीती आपोआप गळून पडते. माझीही पडेल, अशी वाट बघत होते.

नात यायच्या आधी मी एप्रिलात अकोल्याला काकूकडे गेले. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. त्या घरातलं आता तेवढंच माणूस उरलंय. ती मुलाकडे नव्या कॉलनीत राहते. सुनेनं गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि काकू जिन्याच्या सावलीत काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. मी शेजारी बसले. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, "काकू, माही माय पालीले एवढी काहून भ्याये वं?"

काकूनं काठी खाली ठेवली. "कोन? तुही माय? ती कायले भ्यायची पालीले!"

"अवं, ओरडे ना ती."

"ओरडे तं!" काकूला हसू आवरेना. "तिच्या माहेरी कौलातून टपटप पाली पडत. चिमट्यानं उचलून फेके ती. पन तुह्या बापाशी बोलाव कधी तिनं, सांग बरं? वसरीत सासरा. येनारा-जानारा तिथीच. जेवाले बसला तं बापासंग, वाढाले सासू. दिवसा नवऱ्याशी बोल्ली तं गावभर होये. मंग तिनं हे काढलं. पाल म्हटलं की सासरा काई उठत नव्हता. पोराले धाडे. दोघं मंग कोपरे झाडत आन् हळूहळू बोलत. मी आपली भाकरी थापू. मले काई आयकू येत नाई, असं दाखवू."

 मी विचारलं, "बाबाले माईत होतं?"

"नाई तं का! हसू दाबत दाबत ये तो." मग काकू जवळ सरकली. "म्या बी एक डाव करून पाह्यलं. म्हटलं, पाल तं हिची झाली, आपन विंचू म्हनू. वरडली, विंचू! तं तुहा काका राह्यला बाजूले आन् सासराच काठी घेऊन आत! सारी भांडी बाहेर, सारं घर उलटं. मले म्हने, कुठी हाय विंचू? म्या काय दाखवू, माहं कपाळ? तवापासून तोंड नाई उघडलं पोरी म्या."

आम्ही दोघी इतक्या हसलो की सून धावत वर आली. कावळ्यांनी तेवढ्यात एका कोपऱ्यातल्या कुरडया फस्त केल्या.

परतीच्या बसमध्ये मात्र मूर्तिजापूर येईपर्यंत माझा संताप संताप झाला. बाई, तुझं नाटक होतं, तर मला एकदा सांगायचं नाही का? कोपऱ्यात पोर दात वाजवत बसलंय, ते दिसलं नाही? तुझी खोटी पाल माझ्या अंगात खरी होऊन बसली! साठी उलटली, मी उकाड्यात मरतेय तुझ्या त्या नाटकापायी. भीती शिकलेली असते हे मी फळ्यावर लिहीत होते; पण जी शिकवणाऱ्याजवळच नव्हती ती शिकता येते, हे कुठल्या पुस्तकात असतं? आणि असंच धुसफुसत असताना ती बाज आठवली. ट्यूबलाइटजवळची पाल आठवली. "राहू दे वं." तिला पाल नीट दिसली होती. पण ओरडून आता येणार कोण होतं? मग मला रडू फुटलं ते थांबेना. शेजारच्या सीटवरच्या मुसलमान बाईनं बुरख्यातून पाण्याची बाटली काढली, माझ्या हातात दिली आणि "पी लो आपा" म्हणाली. तिनं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

हे सगळं लेकीला सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. ती आली, पोरीला माझ्या हवाली केली, कूलरमध्ये पाणी भरलं, तेही तोंड वळवून, आणि आतल्या खोलीत लॅपटॉप मांडून दार लावून घेतलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दार बंद. आतून इंग्रजी बोलणं ऐकू यायचं. जेवायला यायची ती कानात यंत्र घालूनच. मी बोलायला तोंड उघडलं की बोट वर करायची, एक मिनिट. ते मिनिट काही संपलं नाही. नात दारापाशी जाऊन बसायची. मी तिला गोष्टी सांगितल्या, कैरीला मीठ-तिखट लावून दिलं, भातुकली काढली. थोडा वेळ रमायची आणि पुन्हा दारापाशी.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पाल निघाली. भिंतीवरून कॅलेंडरच्या मागं. नातीनं बोट दाखवलं, "आजी, ते बघ." आणि मग ती पालीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघायला लागली. अगदी निरखून. आता काय वाटून घ्यायचं ते माझ्या तोंडावरून ठरवणार होती पोरगी! मी पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली. "पाल आहे ती," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच. "ती चिलटं खाते. तिला खाऊ दे." नात म्हणाली, "बरं." आणि भातुकलीकडे वळली. माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते, पण असा अभिमान मला निवृत्तीच्या समारंभातही वाटला नव्हता.

तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दुपारी मी पडदा ओढायला हात वर केला आणि पाल थेट माझ्या दंडावर पडली. गार. मी अशी किंचाळले की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. आतलं दार धाडकन उघडलं, लेक धावत बाहेर. "काय झालं? आई, काय झालं?" तिनं मला धरलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. आणि मग तिचा चेहरा बदलला. "एवढंच सांगितलं होतं तुला," ती म्हणाली, "एवढंच." मी नातीकडं पाहिलं. ती पालीकडं बघत नव्हती आणि माझ्याकडंही नाही. ती त्या उघड्या दाराकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. हॉलमधून आवाज आला, "पाऽल! पाऽल!" हातातलं उलथनं टाकून मी धावले. मी पोचेपर्यंत लेक पोचलीही होती, पोरीला कडेवर घेऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "बघ. शिकली."

मी भिंत पाहिली. ट्यूबलाइट, कॅलेंडर, कूलरची कड, पडदा. मला पाल दिसली नाही असं होत नाही. ती खोलीत असली तर माझ्या अंगावर आधी काटा येतो. पाल नव्हती. मग मी नातीकडं पाहिलं. दोन्ही हात आईच्या गळ्यात, गाल लाल, आणि एक पाय मजेत हलतोय. ते तोंड मी ओळखलं. चुलीजवळ बसून मी ते कितीदा पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

सांगायला तोंड उघडलंच होतं. अगं, ती भ्यालेली नाही, तिला तू हवी आहेस. पण पोरगी माझ्याकडं टक लावून बघत होती, आणि लेक तिला दोन्ही हातांनी कवळून उभी होती. असं उभं राहिलेलं मी ती आल्यापासून पाहिलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती "असं खोटं बोलायचं नाही हं" म्हणाली असती, पोरीला खाली ठेवलं असतं आणि दार पुन्हा लागलं असतं. मी म्हटलं, "चुकलं माझं."

त्या दिवसापासून लॅपटॉप हॉलमध्ये आला. भिंतीवर लक्ष ठेवायला म्हणे! राहिलेले सगळे दिवस आम्ही तिघी एकाच खोलीत कूलरसमोर बसलो. लेक टेबलाशी, नात टेबलाखाली तिच्या पायावर पाय ठेवून चित्रं काढत, आणि मी समोर गहू निवडत. लेक माझ्याशी फारसं बोलत नव्हती. पण होती. जेवायच्या वेळी एकदा यंत्र काढून "आई, वांग्याची भाजी मस्त झालीय" म्हणाली. नात मधूनच "पाल" म्हणायची, लेक न बघताच तिच्या डोक्यावर हात ठेवायची.

बडनेऱ्याच्या स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा लेक म्हणाली, "पुढच्या सुट्टीत तूच ये आई. इथं नको आता." मला हे ठाऊकच होतं. ज्या दिवशी "चुकलं माझं" म्हटलं त्याच दिवशी ठाऊक होतं. नातीच्या केसांचा वास घेतला, खोबरेल आणि घाम, आणि गाडी गेली.

काल दुपारी तिचा फोन आला. आवाज थकलेला. "आई, ती इथंही ओरडते गं. एवढ्या वरच्या मजल्यावर पाल कुठून येणार? मी रोज जाऊन बघते, काही नसतं."

"मग तू काय करतेस?"

"काय करणार? मीटिंग सोडून उठते. जवळ घेते थोडा वेळ. मग गप्प होते."

"जात जा," मी म्हटलं.

"अगं पण पाल नसते आई!"

"नसू दे. तू जात जा."

  मग तिनं हळूच विचारलं, "आणि आई, तुझ्याकडे निघाली की तू काय करतेस?"

पाल समोरच होती. ताटीच्या फटीतून डोकं बाहेर काढून बसली होती. मी खुर्चीवर पाय वर घेतले, मानेवरचा टॉवेल सारखा केला.

"काय म्हणतेस ते ऐकू येत नाही गं," मी म्हटलं, "कूलरचा फार आवाज आहे."

कूलर त्या दोघी गेल्यापासून बंदच होता.